पहिलं मिग बनवताय? आधी गोष्ट ठरवा, मग किट घ्या

नाशकात विमानांचा नाद लागायला वेगळं काही करावं लागत नाही. ओझरला एचएएल म्हणजे विमानं बनवणारी सरकारी कंपनी, तिथेच एअरफोर्सचा ११ बीआरडी म्हणजे दुरुस्ती डेपो, ओळखीत कुणीतरी काका एचएएलमधून रिटायर झालेले असतातच, आणि नाशिकरोडकडे राहत असाल तर गांधीनगरच्या आर्मीच्या चीता हेलिकॉप्टरांचा आवाज ऐकतच मोठे झालेले असणार. मग कधीतरी ऑनलाइन विमानाच्या प्लास्टिक मॉडेलचं एक किट दिसतं, खोक्यावर झकास चित्र असतं, ऑर्डर टाकतो, खोकं येतं, उघडतो, आणि इथेच निम्म्या लोकांची गाडी अडते. कारण आत तीन विमानांचे डीकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं आणि नंबर) असतात, दोन प्रकारची कॅनॉपी (पायलटच्या डोक्यावरची काच) असते, पोटाखाली लावायला चार वस्तू असतात आणि यातलं नेमकं काय लावायचं ते ठरवलेलंच नसतं.

म्हणून नवीन माणसाला माझं पहिलं सांगणं असतं की "मिग-२१ बनवायचंय" असं म्हणू नका. कोणतं विमान आणि कोणत्या दिवशीचं ते ठरवा. एक विमान, एक तारीख. हे ठरलं की रंग, मिसाइल, टाकी, नंबर सगळं त्या तारखेवरून ठरत जातं, आणि आपण ग्रुपवर ज्या विमानाच्या गोष्टी एकमेकांना ऐकवतो त्या नुसत्या गप्पा न राहता कामाला येतात.

गोष्ट निवडणे

उदाहरण घेऊ, म्हणजे पटेल. १२ डिसेंबर १९७१ ला जामनगरच्या बाजूला कच्छच्या आखातावर आपल्या ४७ स्क्वाड्रनच्या फ्लाइट लेफ्टनंट भारत भूषण सोनी यांनी पाकिस्तानचं एफ-१०४ स्टारफायटर पाडलं. मिसाइलनं नाही, गनने. आता गंमत अशी की त्यांचं विमान होतं मिग-२१ चा एफएल हा प्रकार आणि एफएलला बिल्ट-इन गन नव्हतीच, डिझाइन करणाऱ्यांनी धरलं होतं की आता मिसाइलचा जमाना आला, गन कशाला पाहिजे. मग पोटाखाली जीपी-९ नावाचा गन पॉड लटकवायचा, त्यात २३ एमएमची दोन नळ्यांची जीएसएच-२३ तोफ. आणि हा पॉड लागायचा कुठे, तर जिथे एरवी मधली ड्रॉप टँक, म्हणजे जादा इंधनाची टाकी, लागते तिथेच. म्हणजे पोटाखाली एकतर पॉड नाहीतर टाकी, दोन्ही एकदम जमणारच नाही. खोक्यात दोन्ही पार्ट दिलेत म्हणून दोन्ही बसवायला जाल तर मुळात जागाच एक आहे.

आता दोनच दिवस पुढे या, १४ डिसेंबर १९७१. ढाक्याचं गव्हर्नमेंट हाउस, तिथे बैठक चालू आहे आणि वरून २८ स्क्वाड्रनची मिग-२१ एफएल येतात, विंग कमांडर बिश्नोई पुढे. हत्यार काय, तर ५७ एमएमची रॉकेटं. पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा लिहिला. विमानाचा टाइप तोच, आठवडाही तोच, पण एका मॉडेलखाली गन पॉड येणार आणि दुसऱ्याच्या पंखाखाली गोल रॉकेट पॉड. "मिग-२१ चं लोडिंग कसं असतं?" हा प्रश्न म्हणूनच मला अर्धवट वाटतो, कधीचं ते सांगा की आधी.

आणि त्याच दिवशी, १४ डिसेंबरलाच, श्रीनगरवर १८ स्क्वाड्रनचे फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों एकटे नॅट घेऊन सेबर विमानांशी भिडले. एअरफोर्सला मिळालेलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. नॅट बनवायची इच्छा पुष्कळांना होते ती या गोष्टीमुळे, आणि फसतातही पुष्कळ, कारण बाजारात सगळ्यात सहज मिळतं ते एअरफिक्सचं नॅट, लाल रंगाचं, रेड ॲरोज या ब्रिटिश हवाई कसरतींच्या पथकाचं, आणि ते आहे टी-१ म्हणजे दोन सीटचं ट्रेनर. आपलं लढाऊ नॅट एका सीटचं, त्याचं नाकच वेगळं, पंखही वेगळे. ते कापून जोडून एका सीटचं करणं हे पहिल्या मॉडेलवर करायचं काम नाही. स्पेशल हॉबीचं एका सीटचं किट आहे, ते शोधा, थोडं जास्त घासकाम लागेल पण विमान तरी बरोबर असेल. (नॅटची एक छान गोष्ट, त्याच्या चाकांची झाकणं हीच एअरब्रेक म्हणून वापरायचे. हवेत चाकं थोडी बाहेर काढायची की वेग कमी. त्यामुळे स्टँडवर उडतं दाखवणार असाल तर ती झाकणं अर्धी उघडी ठेवली तरी चालतं, कुणी टोकलं तर त्याला हे सांगा.)

लढाई नकोच असेल तर आपल्या गांधीनगरचं चीता घ्या. ते मूळचं फ्रेंच लामा, आणि लामा जन्माला आलं तेच आपल्या सैन्याच्या मागणीवरून, उंचावर विरळ हवेत काम करणारं हेलिकॉप्टर पाहिजे म्हणून. १९७२ च्या जूनमध्ये जाँ बुले या टेस्ट पायलटनं लामा १२,४४२ मीटरवर नेलं, वर गेल्यावर इंजिन विझलं, आणि तो माणूस बंद इंजिनावर नुसत्या फिरत्या पात्यांच्या जोरावर, ऑटोरोटेशननं, सुखरूप खाली आला. नाशिकरोडच्या पोरांना हे माहीत नसतं याचं मला दर वेळी नवल वाटतं, रोज डोक्यावरून जातंय ते.

गोष्ट तपासणे

इथे जरा थांबतो कारण ग्रुपवर सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. विमानाच्या गोष्टी तीन प्रकारच्या असतात. खऱ्या, खोट्या, आणि ज्यातले तुकडे खरे पण जोड आपला.

खरी पण थापेसारखी वाटणारी आधी सांगतो. मिग-२१ खाली लागणारं के-१३ मिसाइल दिसायला थेट अमेरिकन साइडवाइंडर, आणि ते तसं दिसतं कारण ती कॉपीच आहे. सप्टेंबर १९५८ मध्ये तैवानच्या सेबरनं मारलेलं एक साइडवाइंडर चिनी मिग-१७ मध्ये घुसलं पण फुटलं नाही, अडकलेल्या मिसाइलसकट विमान खाली उतरलं, आणि तिथून ते रशियात पोचलं. मॉडेलवाल्याला याचा फायदा असा की तुमच्या किटमधलं के-१३ तुटलं, हरवलं, तर दुसऱ्या जुन्या किटमधलं सुरुवातीचं साइडवाइंडर, एआयएम-९बी, बिनधास्त लावा. साडेसात सेंटिमीटरवरून बघणाऱ्यालाही फरक कळणार नाही.

दुसरा प्रकार म्हणजे तळपदे. शिवकर बापूजी तळपद्यांनी १८९५ ला चौपाटीवर विमान उडवलं, राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, हा मेसेज दर दोनतीन महिन्यांनी येतोच. मराठी माणूस म्हणून आपल्यालाही ते खरं असावंसं वाटतं. पण उड्डाण झाल्याचा त्या काळातला ठोस पुरावा, फोटो, यंत्राचा तुकडा, काही नाही, आणि ज्या वैमानिक शास्त्राच्या आधारानं हे सांगतात त्या ग्रंथाचा बंगळूरच्या आयआयएससीच्या लोकांनी १९७४ मध्ये अभ्यास करून सांगितलं की तो विसाव्या शतकातलाच आहे आणि त्यातली विमानं उडण्यासारखी नाहीत. तळपदे होते, धडपडे होते, हे मान्य. विमानाचं मॉडेल करायचं तर ड्रॉइंग कुठून आणणार? मी तरी या वादात ग्रुपवर पडत नाही, सरळ म्युट करतो.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा आणि तो आपल्या नाशकाचाच आहे. यशवंतराव चव्हाण १९६२ च्या युद्धानंतर दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री वगैरे, हे खरं. १९६३ ला ते नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले, खरं. १९६४ ला ओझरला मिगचा कारखाना आला, तेही खरं. आता ही तीन खरी वाक्यं शेजारी शेजारी ठेवली की मधे एक "म्हणून" आपोआप उगवतो. तो "म्हणून" खरा असेलही, जुनी माणसं अगदी ठासून सांगतात, पण ती वाक्यं खरी आहेत यानं तो सिद्ध होत नाही. कुठलीही विमानाची गोष्ट वाचली की हा "म्हणून" कुठे लपलाय ते बघायची सवय लावा. तसंच "मिग पूर्ण नाशकात बनायचं" हेही, बॉडी ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी वाटणी होती. भारतात साडेसहाशेच्या वर मिग-२१ बनली, एवढा आकडा पुरेसा मोठा आहे, फुगवायची गरज नाही.

फोटोबद्दल एकच सांगतो. म्युझियममधलं किंवा चौकातल्या चौथऱ्यावरचं विमान आकारासाठी बघा, रंगासाठी नको. चौथऱ्यावरच्या विमानाला दर काही वर्षांनी नवीन रंग देतात आणि देणाऱ्याला जो डबा मिळेल तो देतो. रंग आणि नंबर मात्र त्या काळातल्या फोटोवरूनच घ्यायचे. पण आकारासाठी प्रत्यक्ष बघण्यासारखं दुसरं काही नाही. पंचवटी एक्सप्रेस पकडा, वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरला जा, तिथे एचएफ-२४ मारुत ठेवलंय. कुर्ट टँक म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं फॉक-वुल्फ १९० बनवणारा जर्मन माणूस, त्यानं बंगळूरला येऊन हे डिझाइन केलं, १९६१ ला उडालं, आणि त्याच्या आधी पूर्ण साइजचं लाकडी ग्लायडर बनवून डकोटाच्या मागे दोरीनं ओढत उडवून बघितलं होतं. ओझरच्या कुंपणाजवळ मात्र कॅमेरा घेऊन उभे राहू नका, डिफेन्सचा एअरफील्ड आहे, छंदापायी पोलीस स्टेशन बघायची वेळ यायला नको.

आणि एचएएलचे काका. त्यांना "काका, मिगबद्दल सांगा ना" असं विचारलं तर ते कँटीनबद्दल सांगतात. विचारायचं असं, की तुम्ही कोणत्या शॉपला होतात, टाइप ७७ वर होतात की ९६ वर की ७५ वर? एकदम डोळे चमकतात. हे मिग-२१ चेच प्रकार, ७७ म्हणजे एफएल, ९६ म्हणजे एम, ७५ म्हणजे बिस. मग विचारा, चाकाच्या खाचेत आतून कोणता रंग असायचा, रिवेट कुठे दिसायचे कुठे नाही. हल्लीच्या विमानांबद्दल, सुखोई तेजसबद्दल, काही विचारू नका, ते सांगणार नाहीत आणि सांगूही नये.

टाइप ओळखणे

एफएलची कॅनॉपी पुढच्या काचेसकट एकाच तुकड्यात पुढे उघडते. एम आणि बिसला पुढची काच जागेवर राहते आणि मागचा भाग बाजूला उघडतो. एफएलच्या पंखाखाली दोन पायलॉन (हत्यारं लटकवायचे आधार), बाकीच्यांना चार. नाकावरची वेग मोजायची लांब पिटो नळी एफएलला मधोमध, बिसला जराशी उजवीकडे सरकलेली. पाठीवरचा फुगवटा बिसला सगळ्यात जाड. एवढ्या चार खुणा पाठ केल्या तरी फोटोवरून ओळखता येतं.

बायसन पाहिजे असेल, म्हणजे २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला ज्याला निरोप दिला ते, तर लक्षात ठेवा की ते अपग्रेड केलेलं बिस आहे आणि त्याची पुढची काच एकसंध, फ्रेम नसलेली आहे. साध्या बिसच्या किटमधली फ्रेमवाली काच लावून वर राखाडी रंग मारला तर लांबून चालून जातं, पण ग्रुपवर फोटो टाकलात की पहिली कॉमेंट त्याचीच येणार.

नंबरावरूनही कळतं. मिग-२१ ला सी, बायसनला सीयू, सुखोई-३० ला एसबी, हंटरला बीए, नॅटला आयई अशी अक्षरं पुढे असतात. हंटरच्या बाजूवर एसबी दिसलं तर डीकलवाल्यानं झोपेत छापलंय.

स्केल

१/७२ घ्या, विषय संपला. हा विचित्र आकडा आला कुठून, तर फूट-इंचातून, सहा फुटाचा माणूस एक इंचाचा. १९३२ मध्ये इंग्लंडात स्कायबर्ड्सनं लाकडी मॉडेल या मापात काढली, १९३६ ला फ्रॉगनं पेंग्विन नावानं प्लास्टिकची काढली आणि ते माप चिकटलं ते चिकटलंच. मिग-२१ चा पंखविस्तार ७.१५ मीटर, म्हणजे मॉडेल जेमतेम १० सेंटिमीटर रुंद. सुखोई-३० याच मापात २० सेंटिमीटर रुंद आणि ३० लांब, शोकेसचा एक कप्पा गेला. १/४८ ला डिटेल छान येतं पण पहिल्याच किटवर तेवढे पैसे अडकवू नका. आणि मेहेरबानी करून पहिलं किट सुखोई घेऊ नका, कितीही ओझरचं असलं तरी.

सामान

सगळं इंपोर्टेड लागत नाही. पार्ट कापायला बारीक निप्पर, तो इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात वायर कापायचा मिळतो तोही चालतो फक्त तोंड सपाट पाहिजे. कटर, मास्किंग टेप, चिमटा. घासायला हार्डवेअरमध्ये गाडीच्या रंगकामाचा वॉटर पेपर मागा, ४०० पासून २००० पर्यंत एकेक शीट, पाण्यात बुडवून घासायचा म्हणजे धूळही उडत नाही. रविवार कारंजाच्या आसपास फिरलात तर यातलं बरंच एका फेरीत होतं.

पैसे खर्च करायचेच तर ग्लूवर करा. पाण्यासारखा पातळ सिमेंट, तामियाचा हिरव्या झाकणाचा सगळे वापरतात, तो प्लास्टिक विरघळवून एकजीव करतो. फेविक्विक फक्त नाकात भरायच्या धातूच्या वजनाला, काचेच्या पार्टजवळ अजिबात नाही, त्याच्या वाफेनं कॅनॉपीवर पांढरा धुरकट थर बसतो तो जात नाही. नेलपॉलिश रिमूव्हरनं रंग काढायला जाऊ नका, त्यातल्या ॲसिटोननं विमानच वितळेल.

जोडणी

आधी कॉकपिट, मग बॉडीचे दोन भाग. ग्लू न लावता सगळं एकदा नुसतं बसवून बघायचं. मिगला नाकात वजन लागू शकतं, नाहीतर तीन चाकांवर उभं न राहता शेपटीवर बसतं, म्हणून बॉडी बंद करायच्या आधी टेपनं तात्पुरतं जोडून चाकांच्या जागी बोटं लावून तोल बघा. सायकलवाल्याकडचे बेअरिंगचे छर्रे नाकाच्या कोनात मागून भरून चिकटवायचे. कोनाची जागा छोटी असते, पुरले नाहीत तर कॉकपिटच्या खाली. बॉडी बंद झाल्यावर हे करता येत नाही.

जोड सुकला की पुट्टी, मग वॉटर पेपर. पिटो नळी आणि अँटेना सगळ्यात शेवटी, नाहीतर रंगवताना हमखास मोडणार. काही जण इंजेक्शनच्या सुईची पिटो करतात, ती प्लास्टिकपेक्षा बारीकही दिसते आणि मोडतही नाही, फक्त घरात लहान पोरं असतील तर नको.

रंग आणि नाशिकची हवा

तारीख इथे परत कामाला येते. १९७१ च्या युद्धाच्या आधी आपली एफएल बिनरंगाची, नुसती चकचकीत धातूची होती. युद्धाच्या धामधुमीत त्यांना घाईघाईनं कॅमोफ्लाज मारलं, स्क्वाड्रनागणिक वेगवेगळं, कुठे ब्रशचे फराटे दिसतील असं. नवीन माणसासाठी ही मेजवानीच आहे, कारण हातानं ब्रशनं मारलेला रंग थोडा वरखाली झाला तर ते इतिहासाला धरूनच आहे. धातूचा रंग मात्र बारीकसा ओरखडाही लपवत नाही, खाली काळा चकचकीत बेस लागतो, तो दुसऱ्या तिसऱ्या मॉडेलला ठेवा. म्हणजे युद्धाआधीचं एफएल नको, डिसेंबर ७१ मधलं घ्या.

आता हवा. जून ते सप्टेंबर स्प्रे कॅनचा लॅकर वार्निश मारू नका, हवेतली ओल धरून पांढरट पडतो. पाऊस चालू असेल तर जोडणी करत बसा. डिसेंबर-जानेवारीत थंडी चांगली पडते, निफाडचे आकडे तर पेपरात येतातच, त्या गारठ्यात सकाळी कॅन दाबला की रंग थेंब थेंब थुंकतो. कॅन कोमट पाण्यात पाच मिनिटं धरा, गॅसवर वगैरे तापवू नका, आणि दुपारी अकरानंतर गच्चीवर जा. मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात उलटा त्रास, रंग विमानावर पोचेपर्यंत हवेतच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो, तेव्हा सकाळी लवकर मारा. अख्ख्या वर्षात ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर हा रंगकामाचा खरा सीझन, दिवाळीची सुट्टीही तेव्हाच.

आर्ट शॉपचे ॲक्रेलिक चालतात पण पातळ करून, चार हात मारायची तयारी ठेवून. एअरब्रश आत्ता घेऊ नका.

डीकल

वार्निशचा चकचकीत थर आधी, मग डीकल, मग मॅट वार्निश. कोमट पाण्यात बुडवून कागदावरून सरकवायचे, ओढायचे नाहीत.

आपल्या राउंडेलमध्ये, म्हणजे एअरफोर्सच्या गोल चिन्हात, केशरी बाहेर, मधे पांढरा, आत हिरवा. हा तिरंगी १९५० पासूनचा, त्याच्या आधी थोडा काळ अशोकचक्राचं होतं आणि महायुद्धात दोन निळ्यांचं. म्हणजे १९४८ चं टेम्पेस्ट बनवून त्यावर तिरंगी लावलं तर तारीख हुकली. केशरी रंग तपासा, परदेशी डीकलमध्ये पुष्कळदा तो नारिंगी सरबतासारखा येतो. शेपटीवरच्या पट्ट्या लावताना डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंचे फोटो समोर ठेवा, एका बाजूवरून दुसरी अंदाजानं लावू नका.

स्टँडखाली छोटी पट्टी लावा: टाइप, स्क्वाड्रन, जागा, तारीख. विमानाचा नंबर फोटोत स्पष्ट वाचता आला असेल तरच लिहा, नाहीतर ती जागा कोरी सोडा. आणि पहिलं झालं की पुढचं काय हे विचारणाऱ्यांसाठी, १७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरहून तेजस मार्क-१ए उडालं त्याचे फोटो भरपूर आहेत, तारीख पक्की आहे, फक्त किट घेताना खोक्यात साधं मार्क-१ आहे की मार्क-१ए चे पार्ट वेगळे दिलेत ते आधी विचारून घ्या.